रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र: डबल लाईन झाली आणि आमचं क्रॉसिंग गेलं

प्रति,
मा. रेल्वेमंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या स्टेशनवरचा एक्स्प्रेसचा प्रायोगिक थांबा गेल्या आठवड्यात काढून घेतला. तिकीट खिडकीच्या काचेवर एक झेरॉक्स चिकटवली आहे. ‘अपेक्षित तिकीटविक्री न झाल्याने’ वगैरे चार ओळी. सहा महिन्यांपूर्वी हाच थांबा दिला तेव्हा हलगी होती, इंजिनापुढं नारळ फुटला होता, ड्रायव्हरला फेटा बांधला होता. ‘आता हा थांबा कायमचाच समजा,’ असं भाषणही झालं होतं. फेट्याचे साडेचारशे रुपये माझ्या खिशातले. ते परत मागत नाही.

स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उजनी धरणाच्या बॅकवॉटरला लागून, जिंती रोड आणि जेऊरच्या मधलं एक, एवढं पुरे. नाव लिहिलं तर थांबा काही मिळणार नाही, पण एखाद्या गरीब पॉइंट्समनकडं खुलासा मात्र मागवला जाईल.

आता विक्रीचं ऐका. गाडी पहाटे पावणेपाचला. खिडकी उघडणार आठला. मग तिकीट काढायचं कुणाकडून? मोबाइलवर काढा म्हणता, तर पाण्याकाठी रेंज शोधत माणूस हात वर करून फिरतो, लांबून बघणाऱ्याला वाटावं बगळे हाकलतोय. म्हणून लोक आदल्या दिवशी भिगवणला नाहीतर जेऊरला गेले की तिथूनच तिकीट आणायचे. म्हणजे बसायला माणूस आमचा आणि विक्री दुसऱ्याच्या खात्यात. पहिल्या आठवड्यात मी वहीत लिहून ठेवलं होतं, 31 माणसं चढली. पुढं कंटाळा केला, हे कबूल. पण तुमच्या कागदावर आमचं गाव जवळजवळ निर्मनुष्य आहे.

साहेब, या लाईनला आम्ही नवखे नाही. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली 1853 ला. 1858 संपायच्या आत पुण्याहून भिगवणजवळच्या डिकसळपर्यंत रूळ आले होते. 1859 ला कुर्डुवाडी, तेव्हा तिला बार्शी रोड म्हणायचे, आणि 1860 ला सोलापूर. गोऱ्यांनी आमच्यासाठी नाही केलं, कापूस न्यायला आणि फौज हलवायला केलं, हे शाळेत शिकलोय. पण गाडी थांबायची.

मग उजनी आली. भीमेवरचं धरण, 117 टीएमसी. गावं पाण्यात गेली, आमची चार एकर काळी गेली आणि जुनी रेल्वे लाईनही सरकवावी लागली. माझे वडील तेव्हा गँगमन होते. जुन्या लाईनचे रूळ काढायला तेच आणि नव्या लाईनवर खडी ठोकायलाही तेच. दुपारची भाकरी घेऊन मी जायचो, तेव्हा ते पाण्याकडं पाठ करून जेवायचे. डिकसळचा जुना रेल्वेपूल पुढं रस्त्याच्या वाहतुकीला दिला. करमाळ्याकडून पुणे जिल्ह्यात जायला कित्येक वर्षं तोच आधार. गोऱ्याच्या रेल्वेपुलावरून आमची उसाची ट्रॉली. नवा पूल आम्हाला कधी वेळेत मिळालाय?

तर मुद्दा क्रॉसिंगचा, म्हणजे समोरासमोर आलेल्या गाड्यांनी एकमेकींना वाट देण्याचा. लाईन एकेरी होती तोवर समोरून गाडी आली की एकीला स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, लूपला, घ्यावंच लागायचं. त्यामुळं मोठमोठ्या मेल-एक्स्प्रेस आमच्या दारात वीस-वीस मिनिटं उभ्या राहायच्या. वेळापत्रकात थांबा नसायचा, पण गाडी तर उभी असायची! आम्ही चढायचो. तिकीट पॅसेंजरचं आणि बसणं मेलमध्ये, असा गुन्हा मी तरुणपणी केलेला आहे, वसुली करायची असेल तर करा. आमच्या बाया क्रॉसिंगला डब्याखाली पेरू, उकडलेल्या शेंगा विकायच्या. सिग्नल पडला की खिडकीतून पैसे फेकले जायचे, क्वचित नाहीही फेकले जायचे.

मग म्हणाले डबल लाईन करू. आम्ही सात गुंठे हसत दिले. गाड्या वाढतील, थांबे वाढतील, असं सांगणारे तुमचेच होते. 2022 ला दुसरी लाईन पुरी झाली, वरून विजेच्या तारा आल्या, क्रॉसिंग संपलं. आता कुणाला कुणासाठी थांबायचं कारण उरलं नाही. गाड्या वाढल्या खऱ्या. परवा गेटवर उभा राहून चार तासांत अकरा मोजल्या, मालगाड्या धरून. त्यातली एकही आमची नव्हती. 10 फेब्रुवारी 2023 ला वंदे भारत सुरू झाली, तिला तर दौंडच्या पुढं कुर्डुवाडीपर्यंत माणूस दिसतच नाही. सकाळची पॅसेंजर मात्र तिच्या बहिणींना वाट द्यायला बाजूला उभी राहते. म्हणजे क्रॉसिंग अजून आहे साहेब, फक्त गरिबाच्या गाडीला आहे.

आता माझं. मंगळवारी सौ.च्या डोळ्याची तारीख होती, पुण्यात, सकाळी नऊची. थांबा असता तर घरून दहा मिनिटं चालत स्टेशन. नव्हता, म्हणून पहाटे तीनला मोटारसायकल काढली, भिगवण गाठायला. वळणावर ट्रॉलीतून सांडलेला ऊस अंधारात दिसला नाही. मला खरचटलं, हिचं मनगट मोडलं. रस्त्याच्या कडेला बसवून पदराचीच झोळी करून हात गळ्यात बांधला. रक्त नव्हतं, पण बांगड्या हातात रुतल्या होत्या, त्या दगडानं फोडताना ती एकदाही ओरडली नाही. तेवढ्यात शेजारच्या भरावावरून तीच गाडी गेली. वेळेवर होती. आतले दिवे लागलेले, एक माणूस दारात उभं राहून दात घासत होता.

डोळ्याची तारीख गेली ती गेलीच. आता पुढच्या महिन्यात.

तुम्ही म्हणाल, बस आहे. आहे, आली तर. तुम्ही म्हणाल, ज्येष्ठांची काळजी घेतो. पुरुषाला साठीनंतर तिकिटात 40 टक्के सवलत होती, ती 2020 च्या मार्चमध्ये काढली. मी साठीचा झालो तोवर काही शिल्लकच नव्हतं. त्याच कोरोनाच्या नावाखाली पॅसेंजरचं दहाचं तिकीट तीस झालं, ते खाली यायला 2024 उजाडलं. रोग गेला तरी बिल चालू. 2017 पासून तर रेल्वेचं वेगळं बजेटही नाही. पूर्वी वर्षातून एक दिवस तरी ट्रान्झिस्टरला कान लावून बसायचो, आपल्या स्टेशनचं काही येतंय का म्हणून. यायचं नाही, पण बसायचो.

आणि हे एकट्या रेल्वेचं नाही. आमच्या पाण्याच्या जिवावर कारखाने झाले, आमदार झाले. धरण भरून वाहतं त्या वर्षीही सोलापूरच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. पुण्याची घाण वाहून येते ती आमच्या जाळ्यात, चिलापीच्या पोटात. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, की गाळातून जुन्या घरांची जोती वर येतात, मग कॅमेरे घेऊन लोक येतात. रोहित पक्षी बघायला येतात. पक्ष्यांचं बरं आहे, त्यांना थांबा लागत नाही.

मागणं फार नाही. थांबा परत द्या, दोन मिनिटांचा. खिडकी गाडीच्या आधी उघडा. प्लॅटफॉर्म इतका खाली आहे की म्हातारं माणूस डब्यात चढत नाही, ढकलावं लागतं, तो उंच करा. हे तिन्ही अर्ज याआधी सात वेळा दिलेत, पोचपावत्या आहेत.

आपला,
एक बुडीत शेतकरी, गँगमनचा मुलगा

ता. क. प्लास्टर 18 तारखेला काढायचं आहे. पुण्यातच. डॉक्टरांनी वेळ सकाळी नऊचीच दिली आहे.