ते गोंदण जपल्याबद्दल

बेल्जियममधल्या अँटवर्पचे तपास अधिकारी व कर्मचारी यांस,
स. न. वि. वि.

३ जून १९९२ ला तुमच्या शहरात ग्रोट स्खाइन नदीत, जाळीला अडकलेलं एका बाईचं प्रेत सापडलं. खून झालेला, नाव-गाव काही नाही. डाव्या हाताला, कोपराच्या खाली काळा गुलाब, हिरवी पानं आणि 'आर-निक' अशी अक्षरं गोंदलेली. तुम्ही ती जशीच्या तशी नोंदवली आणि जपली. मे २०२३ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी आणि इंटरपोलने अशा २२ अनोळखी बायांची माहिती लोकांपुढे ठेवली. अनोळखी प्रेताची 'काळी नोटीस' तोवर पोलिसांच्याच हातात फिरायची. वेल्समधल्या तिच्या घरच्यांनी बातमीत ते फूल पाहिलं अन् ३१ वर्षांनी ती बाई बेवारस राहिली नाही. त्यासाठी मनापासून आभार.

आमच्याकडे वर्धा नदीत, कालव्यात, पडीक विहिरीत प्रेत निघतं. वर्धेचा पलीकडचा काठ काही ठिकाणी तेलंगणाचा. माणूस कुठला, हे पाण्याला विचारता येत नाही. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो, पंचनामा होतो आणि त्यात एवढंच लिहिलं जातं: 'उजव्या हातावर गोंदलेले आहे.' काय गोंदलं, ते नाही. इथेच पुढचा सगळा तपास अडतो, कारण मयत कोण हे कळल्याशिवाय शेवटी सोबत कोण होतं, हे विचारायचं कोणाला?

पाण्यात वरची कातडी सुटते, तरी शाई तिच्या खालच्या थरात असते. म्हणून ओल्या कापडाने हलकेच टिपायचं, घासायचं नाही. जवळ मोजपट्टी ठेवून कॅमेरा अगदी सरळ वर धरायचा. तिरपा धरला तर अक्षर ताणलेलं दिसतं. एक फोटो पूर्ण हाताचा, एक जवळून. काळपट पडलेल्या कातडीवर काळ्या शाईचं गोंदण इन्फ्रारेड फोटोत बरेचदा उमटतं. अन् अक्षरं चुकीची वाटली तरी सुधारायची नाहीत. जत्रेतल्या मशीनवर गोंदलेल्या नावात वेलांटी चुकलेली असेल, तर घरचे त्या चुकीवरूनच ओळखतील. 'आर-निक'चा अर्थ लावत कोणी ते बदललं असतं तर?

कपड्यांचंही तसंच. सावलीत वाळवून कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते. कॉलरमधलं टेलरचं लेबल कापू नये, त्यावर गावाचं नाव असतं. पुरलेल्या जागेवर मर्ग क्रमांक हवाच, नाहीतर पुढे डीएनएसाठी दात किंवा मांडीचं हाड काढायचं कुठून?

मयत परदेशी असल्याचा संशय आला तर कागद जिल्ह्यातून राज्याकडे, तिथून दिल्लीत सीबीआयकडे आणि मग लियॉनला इंटरपोलकडे जातो. पण पहिल्या पानावर दोनच शब्द असतील तर तिथवर तेच दोन शब्द पोचतात. तुमचं पहिलं पान भरलेलं होतं.

२०२४ मध्ये फ्रान्स, इटली, स्पेनही या कामात आले, प्रकरणं ४६ झाली. तिला मारणारा सापडावा, ही आमची इच्छा. तिच्या घरच्यांना आमचा नमस्कार कळवा.

आपले,
वर्धा नदीकाठच्या गावांतले पोलीस पाटील