विषय: ‘सायलेंट’ पॉवर सप्लायचा आवाज आणि माझी ‘जास्तच शांत’ खोली

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या माणसाशी पाचवा फोन आत्ताच संपला. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या तुमच्या ६५० वॅटच्या ‘सायलेंट’ पॉवर सप्लायबद्दलची माझी तक्रार ‘समाधान झाले’ असा शेरा मारून दोनदा बंद केली गेली आहे. समाधान कोणाचं झालं, तेवढं कळवा.

खोक्यावर छापलंय: ४० टक्के लोडपर्यंत पंखा बंद. म्हणजे २६० वॅटपर्यंत. मी प्लगला मीटर लावून पाहिलं. टायपिंग चालू असताना अख्खा कॉम्प्युटर ७० वॅट घेतो. तरी दर सात-आठ मिनिटांनी पंखा घर्र करून सुटतो, मिनिटभर फिरतो, थांबतो आणि पुन्हा सुटतो. एकसारख्या आवाजाची कानाला सवय होते, या येरझाऱ्यांची होत नाही. पंखा सुरू व्हायचं तापमान आणि बंद व्हायचं तापमान यांत तुम्ही पुरेसं अंतर ठेवलेलं दिसत नाही. त्यापेक्षा तो सतत ५०० आरपीएमवर फिरत राहिला असता तर मला पत्ताही लागला नसता. कॅबिनेटचे १४० मिलिमीटरचे दोन पंखे तसेच फिरतात आणि त्यांची कधी कटकट नाही.

आवाज दुसऱ्या कशाचा नाही, हेही पाहून झालं. बाकीचे पंखे एकेक करून मिनिटभर थांबवले, पुठ्ठ्याची नळी कानाला लावून ऐकलं. पॉवर सप्लायच.

आता आजचा फोन. आधी तो म्हणाला, “मॅडम, यावर गोल्डचा शिक्का आहे, आवाज येणारच नाही.” गोल्डचा शिक्का वीज किती कमी वाया जाते ते सांगतो, आवाजाबद्दल अवाक्षर काढत नाही. मग म्हणाला, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन पंख्याचा वेग कमी करा. हा पंखा मदरबोर्डला जोडलेलाच नाही! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हे तुम्हाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर यावी?

मग म्हणाला, फोनवर ॲप घेऊन डेसिबल मोजा. म्हटलं, इतक्या बारीक आवाजाला फोनचा माइक पुरत नाही, त्याची स्वतःचीच खरखर त्यात मिसळते. “तरी मोजा.” मोजलं. ३२ आलं. पलीकडे जरा वेळ शांतता (त्याच्याकडे मात्र पंखा नसावा). मग अगदी समजुतीच्या सुरात, “मॅडम, ३२ काहीच नाही. प्रॉब्लेम असा आहे की तुमची खोलीच जरा जास्त शांत आहे.” मला वाटलं, चुकून बोलून गेला असेल. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, वर उपायही सुचवला: “छताचा पंखा लावून बसा, मग ऐकू येणार नाही.”

म्हणजे ‘सायलेंट’ म्हणून तुम्ही विकणार, मी जास्तीचे पैसे मोजून घेणार आणि तो ऐकू येऊ नये म्हणून खोलीत गोंगाट मीच करणार. प्रोसेसरवर मोठा टॉवर कूलर, हळू फिरणारे पंखे, हार्ड डिस्क काढून बिनआवाजाची एसएसडी, हे सगळं मी खोली शांत व्हावी म्हणूनच केलं. तोच आता माझा गुन्हा ठरला. उद्या ब्रेक लागत नाहीत म्हटलं तर रस्ताच फार उताराचा आहे म्हणाल.

तुमचाच जुना पॉवर सप्लाय माझ्याकडे नऊ वर्षं चालला. त्यावर ‘सायलेंट’ लिहिलेलं नव्हतं आणि तो ऐकूही येत नव्हता. त्याच विश्वासाने हा घेतला, ही माझी चूक.

तुमच्या वरच्या मॉडेलला पंखा बंद राहण्याची सोय काढून टाकायचं बटण आहे. ते मॉडेल बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. पंधरा दिवसांत उत्तर हवं, तेही लेखी. नकार असेल तर तोही लेखीच द्या, पुढे कुठे दाद मागायची ते मला ठाऊक आहे. आजच्या फोनचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच. साहेबांनी स्वतः ऐकावं, शक्यतो शांत खोलीत. आणि या पत्रावर कृपया ‘समाधान झाले’ लिहू नका.

तुमची, अजून तरी, ग्राहक

ता.क. स्क्रोल करताना पॉवर सप्लायमधल्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची) जी बारीक चिरचिर येते, तिच्याबद्दल आज बोलायचं राहूनच गेलं. तिसऱ्या फोनवर बोलले होते. तेव्हा हेडफोन लावायला सांगितलं होतं.