अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्याबद्दल

प्रिय दिलीप,

परवा फोनवर तू विचारलंस, दगड पाहून कोणाला रडू येतं का? मला आलं, आणि का आलं ते तुला नीट सांगायचं आहे.

अजिंठ्याला जो तो पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापाशी रेंगाळतो आणि सव्विसाव्यापर्यंत येईतो पायांचे तुकडे पडलेले असतात. मग दारातूनच स्तूप पाहून माणसं मागे फिरतात. तू आत जा आणि डावीकडे वळ. खांबांमागच्या भिंतीत सुमारे ७ मीटर लांबीचे बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेत. महापरिनिर्वाण, म्हणजे बुद्धांचा अखेरचा क्षण. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं काम. उजवा हात गालाखाली, डोळे मिटलेले.

त्या चेहऱ्याकडे पाहून मन निवतं. गलबलून आलं ते खाली नजर गेल्यावर. शय्येच्या कडेला शोक करणाऱ्या शिष्यांची रांग कोरली आहे, मूर्ती लहान लहान, आणि एकाचं दुःख दुसऱ्यासारखं नाही. पायांपाशी एकजण हातावर डोकं टेकून बसलाय. तो बुद्धांचा जवळचा शिष्य आनंद, असं मानतात. वर मात्र देव-गंधर्व वाद्यं वाजवत आनंदात आहेत.

आनंद रडत होता, तेव्हा बुद्धांनी त्याला जवळ बोलावून समजावलं की शोक करू नकोस, जे जे प्रिय त्याचा वियोग ठरलेलाच. ही कथा लेणं खोदवणाऱ्या भिक्षूंना पाठच असणार. तरी छिन्नी त्या रडणाऱ्यांवर किती मायेनं फिरली आहे! त्यांना कोणी गप्प केलेलं नाही.

अण्णा गेले तेव्हा सगळे म्हणाले, पिकलं पान होतं, सोनं झालं, रडायचं नाही. मी रडलो नाही. ते सगळं तिथे बाहेर आलं, अगदी हुंदके देऊन. पहारेकऱ्यानं पाहिलं आणि तो मुकाट्यानं पुढे गेला.

बाहेर ओसरीत संस्कृत शिलालेख आहे. लेणं करवणारा भिक्षू बुद्धभद्र. अश्मक या प्राचीन राज्याच्या राजाच्या मंत्र्याशी आपली मैत्री जन्मोजन्मीची, असं त्यात आहे, आणि त्या मंत्र्यासाठी, म्हणजे भव्विराजासाठी, आणि स्वतःच्या आईवडिलांसाठी त्यानं हे काम केलं. वाचून मला तूच आठवलास.

दिवाळीनंतर ये. फर्दापूरहून वर सोडणारी बस मिळते, आपण सकाळच्या पहिल्या बसनं जाऊ आणि उलटे फिरू, आधी सव्वीस. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं पाहून तिकीट काढ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर