भंगारवाल्या मामांना आभारपत्र

मामा, सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या आसपास भंगारातून पशुपक्षी जोडणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. उघडच लिहितोय, कारण तुमच्याकडून जे शिकलो ते आणखी चार जणांच्या कामी यावं.

पहिले आभार न तोडलेल्या वस्तूंचे. माल ठेचला की जागा कमी लागते, गाडी पटकन भरते. तरीही तुम्ही पकडी, विळे, सायकलची सीटं, हँडलं अख्खीच बाजूला ठेवता. आमचं सगळं काम आकारावर चालतं. उघडलेली पक्कड म्हणजे खेकड्याची तयार नांगी. तीन विळे एका मुठीत धरले की कोंबड्याचं शेपूट झालंच. पिकासोनं १९४२ साली सायकलचं सीट आणि हँडल या दोनच वस्तूंतून बैलाचं डोकं उभं केलं. ते हँडल कुणी आधीच ठेचलं असतं, तर शिंगं कुठून आणायची?

दुसरे आभार धातू ओळखायला शिकवल्याचे. चुंबक चिकटलं म्हणजे साधं लोखंडच, असं नाही. स्वस्तातल्या स्टीलच्या चमच्यांनाही ते चिकटतं. खरी ओळख ग्राइंडरवर पटते. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि पिवळसर निघतात. बेअरिंग आणि स्प्रिंगचं पोलाद फुलबाजीसारखं फुटतं. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ठिणग्या आखूड आणि लालसर. तिघांना एकच वेल्डिंग रॉड लावला, तर बीड आणि पोलाद वेल्डच्या कडेनं तडकतात, आणि कधी कधी काम थंड झाल्यावर 'टक्' आवाज करून.

तुमच्याकडच्या चमच्यांचं घुबड तर गावभर आवडतं, म्हणून त्याची कृती इथेच देतो. नऊ इंची घुबडाला ८० ते ९० लहान चमचे लागतात, म्हणजे साधारण दीड किलो. दांडे कापायचे; ते टाकायचे नाहीत, पंखांची लांब पिसं त्यांचीच होतात. सांगाडा ६ मिमी सळईचा. चमचे खालून वर लावत जायचं, वरच्या ओळीनं खालचा एक तृतीयांश भाग झाकायचा. वरून सुरुवात केली तर शेवटच्या ओळीखाली रॉड शिरत नाही. लोखंडाला स्टील जोडताना साध्या लोखंडाचा ६०१३ नंबरचा रॉड चालत नाही, सांधा ठिसूळ होतो आणि गंजतो. ३०९ नंबरचा, म्हणजे स्टेनलेसचा, २ मिमी रॉड घ्या, ४० ते ५० अँपिअर पुरे. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची वेल्डिंगची ज्योत, नेहमी सळईवर पेटवायचा आणि तिथून चमच्यावर ओढायचा. चमच्याचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर, थेट त्यावर पेटवलात की भोक. एका जागी सलग वेल्ड नको, दोन टॅक, म्हणजे वेल्डचे दोन ठिपके, बास.

डोळ्यांना बेअरिंग. ते रात्रभर डिझेलमध्ये ठेवून ग्रीस काढायचं आणि ज्योतीजवळ नेण्याआधी पूर्ण सुकवायचं. बेअरिंगला वेल्ड करूच नये असं आमचं मत आहे. लोखंडी पट्टीचं कडं करून सांगाड्याला जोडा, ते गार झालं की बेअरिंग त्यात घट्ट ठोकून बसवा. मग डोळे फिरतातही, आणि पोरं तिथून हलत नाहीत.

बैठकीसाठी तुम्ही दिलेले ब्रेक ड्रम उत्तम, कारण वजन खाली राहतं आणि दोन बारीक पायांवरचा बगळासुद्धा कलंडत नाही. पण ड्रम बिडाचा. त्याला वेल्ड करण्यापेक्षा त्याच्याच भोकांतून बोल्ट घ्यावा. आतली धूळ हवेनं उडवायची नाही, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओलं करून पुसायची.

गंजाला सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व: लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या बादलीत, एक रात्र. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच उन्हात, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतं. स्प्रिंग आणि बेअरिंग या बादलीत नको, कडक पोलाद ॲसिडनं ठिसूळ होतं. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्राही नको, जस्ताचा थर विरघळून जातो. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

आणि मामा, सगळ्यात मनापासूनचे आभार तुम्ही जे देत नाही त्याबद्दल. पेट्रोलच्या टाक्या, शॉकॲब्सॉर्बर, तोंडबंद नळकांडी तुम्ही आमच्या ढिगाऱ्यात येऊच देत नाही. रिकाम्या टाकीतली वाफही भडकते आणि शॉकॲब्सॉर्बरमध्ये दाबलेला वायू असू शकतो, हे नव्या मुलांना माहीत नसतं. जीआय पाइप मागितला की आधी सांध्याच्या दोन्ही बाजूंचा इंचभर मुलामा घासायला सांगता आणि काम उघड्यावर, मास्क लावून करायला लावता. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना एक विनंती. भंगारवाल्याकडून अख्खी वस्तू निवडून घेत असाल, तर किलोच्या भावावर थोडं जास्त द्या. तोपर्यंत तिनं त्याची जागा अडवलेली असते.

मामा, पितळी नळ आणि शिलाई मशीनची डोकी आली तर तोडू नका. नळांच्या चोचींचे पोपट करायचे आहेत. मशीनचं डोकं बिडाचं, त्यामुळे त्याचा घोडा बोल्टवरच उभा करू.

तुमचे,
भंगारातले कारागीर