रून बेटावरून दिवेआगरला

पुलाउ रून, बांदा बेटे, मालुकू, इंडोनेशिया
दि. १० जुलै २०२५, गुरुपौर्णिमा

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी इथे सुखरूप आहे, प्रकृती उत्तम आहे आणि वजन कमी झालेले नाही. हे तिन्ही आधीच लिहून टाकतो, म्हणजे आईला पुढचे पत्र निवांतपणे ऐकता येईल. रविवारी एकादशीला फोन मध्येच तुटला, तो मी तोडलेला नव्हता. इथे सिग्नल वरच्या चढावर एका ठिकाणीच मिळतो आणि वारा सुटला की तोही जातो. जे बोलायचे होते ते त्यामुळे राहून गेले, आणि खरे सांगायचे तर फोनवर ते मला जमलेही नसते, म्हणून लिहीत आहे. शनिवारी नेइराला, म्हणजे बांदांतल्या मुख्य बेटावर, होडी जाणार आहे. तिथे पोहोचलो की या पानांचे फोटो धाकटीच्या मोबाईलवर पाठवीन. तिने ते सावकाश वाचून दाखवावे आणि मधली वाक्ये गाळू नयेत.

बाबा, तुमच्या मित्रमंडळींना मी सावंतवाडीजवळच्या बांद्याला नोकरीला आहे असे वाटते, हे धाकटीने कळवले. त्यांना तसेच वाटू द्यावे. निदान आईला कोणी ज्वालामुखीबद्दल विचारणार नाही. त्या ज्वालामुखीविषयी मी मागेही सांगितले होते, तरी पुन्हा लिहितो. त्याचे नाव गुनुंग आपी, म्हणजे आगीचा डोंगर, आणि तो शेवटचा १९८८ साली, माझ्या जन्माच्याही आधी पेटला होता. तो नेइरासमोर आहे, आमच्या बेटापासून बराच दूर, आणि मध्ये समुद्र आहे. समुद्राचे म्हणाल तर जून ते ऑगस्ट इथेही तो आपल्या आषाढासारखाच खवळतो, आणि अशा दिवसांत होडी सुटत नाही. होडी सुटत नाही म्हणजे मी अडकून पडतो असा अर्थ आई काढते. मी त्याचा अर्थ असा काढतो की इथल्या लोकांना समुद्र कळतो. मार्चमध्ये मला चार दिवस ताप होता ते मी कळवले नव्हते, कारण कळवून तुम्ही काय करणार होता? आता तो उतरून चार महिने झाले, म्हणून लिहितो. ज्या बाईंच्या घरी मी राहतो त्यांनी रात्रभर उशाशी बसून पाणी पाजले. त्यांना सारे गाव ‘मामा’ म्हणते, कारण इकडे आईला मामा म्हणतात. आणि मला एकोणतिसाव्या वर्षीच गावातली पोरे ‘काका’ म्हणतात, कारण इकडे काका म्हणजे थोरले भावंड. नवऱ्याला ‘सुआमी’ म्हणतात हे ऐकून आईला बरे वाटेल, बाबांना अधिक.

एकादशीचा उपवास मी केला. साबुदाणा हा शब्द ज्या सागूच्या झाडावरून आला, ते झाड मूळ याच मुलुखातले; आपल्याला दुकानात मिळतो तो मात्र कसाव्याच्या कंदाचा. तेव्हा मी खाल्ला तो उकडलेला कसावा उपवासाला चालतो की नाही, याचा निर्णय आईने गुरुजींना विचारून द्यावा. भात बेटावर पिकत नाही, तांदूळ जहाजाने येतो आणि जहाज लांबले की महाग होतो. मासळी मात्र उदंड आहे, आणि ताजी.

माझा दिवस कसा जातो ते तुम्हाला ठाऊक आहेच, ते पुन्हा लिहीत नाही. एवढेच सांगतो की दापोलीला चार वर्षे शिकलेले इथे रोज उपयोगी पडते. जायफळाला इकडे ‘पाला’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात कोणी पाला म्हटले की मला शेळ्या आठवत. फळ काढायला लांब बांबूच्या टोकाला छोटी टोपली बांधलेली असते, अगदी आपल्या आंब्याच्या झेल्याची बहीण, आणि तिचे नाव ‘गाई-गाई’. झाडे आपल्या वाडीतल्यासारखीच सावलीत वाढतात, फक्त आपल्याकडे वर माड आणि पोफळी असतात आणि इथे कनारीची प्रचंड झाडे, ज्यांच्या बिया बदामासारख्या लागतात. जायपत्री सोलून चटईवर वाळवतात, आणि कवचासकट बी फळ्यांच्या माळ्यावर पसरून खाली मंद धूर देतात, ती आत खुळखुळ वाजेपर्यंत. माझे काम धुराच्या पुढचे आहे. माल जमिनीवर ओला राहिला की त्याला जी बुरशी धरते तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, आणि ते ठरावीक प्रमाणाबाहेर सापडले की युरोपात सगळा माल परत फिरवतात. वाशीच्या पेढीने मला इथे ठेवले आहे ते एवढ्यासाठीच, की माल जमिनीला न लागता वाळावा आणि फुटका, कीडका वेगळा निघावा. गावकऱ्यांना हे पटवायला मला सहा महिने लागले, कारण त्यांचे म्हणणे होते की आम्ही चारशे वर्षे हेच करत आलो आहोत.

ते चूकही नव्हते. बाबांना इतिहासाची आवड आहे म्हणून लिहितो: जगात जायफळ त्या काळी फक्त याच मूठभर बेटांवर पिकत होते, आणि त्यापायी १६२१ साली डचांनी इथल्या मूळ लोकांपैकी बहुतेकांना मारले, गुलाम करून नेले किंवा पळवून लावले. पुढे बागा चालवायला दुसऱ्या बेटांवरून माणसे आणून बसवली. आमच्या रूनवर इंग्रज हक्क सांगत होते. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात त्यांनी तो सोडला आणि पलीकडे मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिले. तीन किलोमीटर लांबीचे, ना नदी ना झरा असलेले, पावसाचे पाणी टाक्यांत साठवून वर्ष काढणारे हे बेट न्यूयॉर्कच्या बदल्यात गेले होते, असे इथली शाळकरी मुलेही पाहुण्याला हसत सांगतात. मला यातून वेगळीच सोय झाली. इथे प्रत्येक घराचा मूळ पुरुष कुठूनतरी आणलेला किंवा आलेला, त्यामुळे मी परका आहे याचे कोणाला फारसे काही वाटत नाही.

आता एक गोष्ट सविस्तर लिहायलाच हवी, कारण ती समजायला मला वर्ष लागले आणि तिच्याशिवाय पत्राचा शेवटचा भाग तुम्हाला कळणार नाही. इथे माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही. म्हणजे नाहीसाठी शब्द आहे, ‘तिदाक’, पण जी गोष्ट आयुष्यात कधीतरी घडू शकते तिच्याबद्दल विचारले, तर तो वापरायचा नाही. ‘सुदाह’ म्हणजे झाले, ‘बेलुम’ म्हणजे अजून व्हायचे आहे. उत्तर या दोहोंपैकीच एक द्यायचे. जेवलास का? बेलुम. होडी आली का? बेलुम. इथवर सोपे आहे. पण रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस नाव विचारण्याआधी लग्न झाले का विचारतो, आणि मी पहिल्या महिन्यात ‘तिदाक’ म्हटले की समोरच्याचा चेहरा असा पडे, जणू मी संन्यास घेतल्याचे सांगितले. मामांनी मला एका संध्याकाळी बसवून समजावले की तिदाक म्हटल्याने दार लागते, आणि दार लावणारे आपण कोण? आमच्या गल्लीत सत्तरीच्या पुढच्या एक अविवाहित आजी आहेत, त्यांनाही विचारले तर त्या गंभीरपणे बेलुम म्हणतात आणि कोणी हसत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्याला मी एकदा विचारले, हजला गेला होतात का? पडवीत जाळे विणता विणता तो म्हणाला, बेलुम. त्याच्याजवळ होडीच्या इंजिनाचे पैसे नव्हते.

मला वाटले होते की ही बोलण्याची पद्धत आहे, एवढेच. मग लक्षात आले की आपणही घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. फरक इतकाच की आपण ते अशुभ टाळायला म्हणतो, आणि हे लोक त्या शब्दावर खरोखर विसंबून राहतात. गावाचे पुढे काय होणार असे विचारले तरी उत्तर तेच येते. रात्री अकरानंतर वीज राहील का? बेलुम. वरच्या वर्गांची शाळा? बेलुम. मुले शिकायला नेइराला जातात, तिथून आंबोनला, आणि परत येतात ती ईदेला, नवे कपडे आणि खोकी घेऊन, आठ दिवस गाव गजबजवून पुन्हा जहाजात चढायला. मार्चअखेर धक्क्यावर मी ती गर्दी पाहिली आणि मला गणपतीतले आपले एस.टी. स्थानक आठवले. भाव पडला की लोक जायफळाची फळे झाडावरच सोडून ट्यूना मासेमारीला जातात, भाव चढला की अर्धी कच्ची फळेच काढतात. दोन्ही वेळा फायदा मधल्याचा होतो. माल नीट वाळवून थेट विकला तर निदान हा मधला भाग गावात राहील, आणि गेल्या हंगामात बारा घरांच्या बाबतीत तो राहिला. त्या बारा घरांची मला काळजी वाटते हे लिहिताना संकोच होतो, कारण स्वतःच्या वाडीचे एक झाडही मी उभे केलेले नाही.

आता पैशांचे. जुलैचे चाळीस हजार पाच तारखेला जमा झाले असतील; पासबुक भरून घ्यावे. निसर्ग वादळानंतर काढलेल्या कर्जाचे दोन लाख दहा हजार उरले आहेत, ते मार्चपर्यंत फिटतील असा माझा हिशेब आहे. धाकटीच्या लग्नासाठी वेगळे ठेवलेले तीन लाख मोडू नयेत, छपरासाठीसुद्धा नाही. छपराचे मी जानेवारीपासून वेगळे पाठवीन, कारण जानेवारीपासून माझा पगार पंधरा हजारांनी वाढणार आहे.

तो का वाढणार आहे, हे रविवारी सांगायचे होते. माझा करार या डिसेंबरात संपतो आणि मी पेढीला आणखी दोन वर्षांसाठी होकार दिला आहे. तुम्हाला न विचारता दिला. पत्र होडीने जाणार होते आणि होडी सुटत होती, हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही, हे मलाही कळते. २७ ऑगस्टला गणपतीत मी नसेन. सलग दुसऱ्या वर्षी बाबांना एकट्याने मखर बांधावे लागेल, शेजारच्या मुलाला बोलवावे आणि स्टुलावर स्वतः चढू नये. मार्गशीर्षात धाकटीच्या लग्नाला मात्र बारा दिवसांची रजा मंजूर झाली आहे, आणि त्यातले प्रवासाचे दिवस वजा जाता आठ दिवस तुमचे आहेत.

राहिले अलिबागचे स्थळ. त्यांना गणपतीपर्यंत उत्तर हवे आहे, आणि आईचा जीव त्यात अडकला आहे, हे मी जाणतो. मुलीशी मी दोनदा बोललो. ती समजूतदार आहे. दुसऱ्या वेळी तिने सरळ विचारले की तुम्ही परत येणार आहात का, आणि माझ्या तोंडून आपसूक ‘अजून ठरले नाही’ असे गेले. ती काही वेळ गप्प राहिली. इथल्या माणसाने तेवढ्यावर चहा पाजला असता. तिला ते उत्तर नाही, टाळाटाळ वाटली, आणि तिचे बरोबर होते. म्हणून बाबांनी त्यांना नाही असे स्पष्ट कळवावे. तिने शाळेतली कायमची नोकरी सोडून या बेटावर यावे असे मी म्हणू शकत नाही, आणि दोन वर्षे थांब असेही नाही. हे वाक्य मी दोनदा खोडले आहे. दोष माझ्यावर घ्यावा, मुलगा ऐकत नाही असे सांगावे. तसेही ते खोटे नाही.

मामांनी आईला जायफळाच्या सालीचा मुरांबा दिला आहे, तो लग्नाला येताना आणीन. आईने गुडघ्याचे औषध मध्येच सोडू नये. आजीला नमस्कार, धाकटीला अनेक आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक मुलगा

ता. क. बाबा, २०२१ च्या पावसात विहिरीमागे लावलेली जायफळाची सहा रोपे तोडून तिथे सुपारी लावावी असे तुम्ही म्हणत होता, ते राहून गेले. कृपया तोडू नका. बीपासून केलेल्या रोपाला फूल यायला सहा-सात वर्षे लागतात आणि तोवर ते नर की मादी हे कोणालाच सांगता येत नाही. फुले झुपक्याने आली तर बहुधा नर, एकेकटी आली तर मादी. नर निघालेल्या झाडावर मादीचे कलम करता येते, ते मी येऊन करीन. फुले दिसली की धाकटीने जवळून फोटो काढून पाठवावा.