पंखाच्या पुढच्या फळ्या

फ्रांकफुर्ट

तीर्थरूप बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझी प्रकृती उत्तम आहे. जेवणाखाणाचे बोलणे प्रत्येक फोनवर होतेच, म्हणून ते येथे लिहीत नाही.

बाबा, मुंबईस उतरताना चाके टेकताच इंजिने गरजली आणि पंखाच्या पुढच्या कडेखाली लोंबणाऱ्या फळ्या भराभर आत गेल्या, हे तुम्ही मला न सांगता आईला सांगितलेत, तेव्हापासून ती मला, "तू तपासतोस तीच ना ही विमाने?" असे विचारते आहे. तर काहीही मोडले नव्हते. जंबो ७४७-४०० च्या दोन्ही पंखांना मिळून अशा २८ फळ्या असतात. त्यांना क्रूगर फ्लॅप म्हणतात, कारण १९४३ मध्ये येथे जर्मनीतच ग्योटिंगेन गावी क्रूगर नावाच्या अभियंत्याने ही कल्पना वाऱ्याच्या बोगद्यात तपासून पाहिली होती.

वेग कमी झाला की तेवढेच वजन पेलण्यासाठी विमानाला नाक वर करावे लागते, आणि मग हवेला पंखाच्या पुढच्या कडेवरून फार अवघड वळण घ्यावे लागते. पसरणी घाटात एखादे वळण वेगात घेतले तर गाडी रस्ता सोडते, तशी हवाही पंखाची पाठ सोडते आणि विमानाला वर धरणारी उचल एकदम ढासळते. फळी खाली उतरली की पंखाची कड पुढे वाकते, वळण रुंद होते, आणि अधिक तिरप्या पंखालाही हवा चिकटून राहते. पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप उचल वाढवतात; पुढचे ती ढासळण्याची वेळ लांबवतात. आकाशात वेगाने जाताना हीच फळी पंखाच्या पोटाशी सपाट बसलेली असते. पोट सपाट आणि नाक गोल, ही अडचण जंबोवर फार सुरेख सोडवली आहे: आतल्या सहा सोडून बाकीच्या २२ फळ्यांचे फायबरग्लासचे पत्रे बाहेर येता येता सांध्यांच्या ओढीने कमानीसारखे वाकतात. हँगरमध्ये ते पाहताना अजूनही माझा हात थांबतो.

आता तुम्ही पाहिलेत ते. उतरल्यावर वैमानिक इंजिनांचा झोत उलटा, पुढच्या बाजूस वळवतात. तो या फळ्यांवर आदळू नये म्हणून आतल्या व मधल्या फळ्या आपोआप मिटतात. टोकाकडच्या तशाच राहतात. चाके जमिनीवर टेकल्यावर उचलीची गरजही उरत नाही.

बाबा, पुढचा परिच्छेद आईला वाचून दाखवू नका. २० नोव्हेंबर १९७४ रोजी नैरोबीहून एक जंबो या फळ्या मिटलेल्या असतानाच उडाला, कारण त्यांना हवेचा दाब पुरवणाऱ्या झडपा बंद राहिल्या होत्या. १५७ पैकी ५९ माणसे गेली. त्यानंतर झडपांसाठी धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बसवण्यात आली. आम्ही रात्री जागतो ते अशाच गोष्टींसाठी, म्हणून "रात्रपाळी सोड" असे पुन्हा म्हणू नका.

आई, माझी सर्दीही रात्रपाळीची नव्हे, येथील खिडक्यांची आहे. ऐन हिवाळ्यात ही माणसे दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडतात, पाच-दहा मिनिटे बर्फाळ वारा घरात घेतात आणि पुन्हा घट्ट लावतात. अर्धवट उघडी ठेवलेली चालत नाही. भिंती गार पडून बुरशी धरते म्हणे. माझ्या भाडेकरारातही ते लिहिले आहे. पंखाखाली चार तास गारठून आलेला सहकारीदेखील चहाच्या खोलीत शिरताच आधी खिडकीच उघडतो, आणि मी कप घेऊन कोपऱ्यात सरकतो.

बँकेत साठ हजार पाठवले आहेत. त्यातून मंगल कार्यालयाची आगाऊ रक्कम भरा, बाकीचे दागिन्यांसाठी ठेवा. चिऊच्या लग्नाच्या आठवड्यातच एका विमानाची मोठी तपासणी आली आहे. सुट्टी चारच दिवस मिळाली, त्यामुळे हळदीला मी पोहोचणार नाही. लग्नाच्या पहाटे मुंबईस उतरेन आणि तेथून थेट कार्यालयात येईन. तिला हे तुम्हीच सांगा, मला फोनवर जमले नाही. माझ्या स्थळाचे मात्र तिच्या लग्नानंतर पाहू. आई, आलेले फोटो मी पाहिले आहेत, उत्तर दिलेले नाही एवढेच.

तुमचा,
बाळू