लग्न करून जर्मनीला जाणाऱ्या नर्सचे काय?

संपादक महोदय, स. न.

मी मुंबईतल्या एका नर्सिंग कॉलेजच्या कार्यालयात काम करते. परदेशातल्या नोंदणीसाठी कागदपत्रे मागणाऱ्या माजी विद्यार्थिनींमध्ये हल्ली अशाही मुली दिसतात, ज्या नोकरीसाठी म्हणून गेलेल्याच नाहीत. जर्मन नागरिकाशी लग्न केले आणि नवऱ्याच्या देशात राहायला गेल्या. इथे आयसीयू सांभाळलेल्या या मुली तिथे वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राबतात. त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

जर्मन नागरिकाच्या पत्नीला तिथे राहण्याचा परवाना मिळाला की नोकरी करण्याची मुभाही असते. तेवढ्यावर घरचे निर्धास्त होतात. पण आपल्याकडच्या शिक्षणाला तिथल्या राज्याच्या कार्यालयाने मान्यता दिल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि त्यासाठी साधारणपणे बी-२ पातळीचे, म्हणजे कामाच्या ठिकाणी बऱ्यापैकी सहज बोलता-लिहिता येईल इतके जर्मन लागते. पत्नी म्हणून व्हिसा मिळवायला मात्र बहुतेकींना ए-१ पुरते. ए-१ म्हणजे स्वतःची ओळख करून देणे, दुकानात चार वस्तू मागणे. रात्रपाळीत आजोबांच्या छातीत दुखायला लागले, तर डॉक्टरांना फोनवर नीट सांगता येईल एवढी भाषा त्यात येत नाही. मग मुलगी तिथे गेल्यावर पुन्हा वर्गात बसते आणि तोवर हाताला मिळेल ते काम करते.

दुसरी अडचण मी रोज टेबलावर पाहते. तिथल्या कार्यालयाला नुसती गुणपत्रिका चालत नाही. प्रत्येक विषयाची थिअरी किती तास, मेडिकल, सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मनोरुग्ण अशा एकेका वॉर्डात प्रात्यक्षिक किती तास, हे सगळे हवे असते. तास कमी भरले, तर तिथे पुन्हा प्रशिक्षण घ्या किंवा परीक्षा द्या. मध्यंतरी भांडुपहून एका मुलीचे वडील तिचे अधिकारपत्र घेऊन आले. तिच्या बॅचच्या ड्युटीच्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत, त्यातली काही पाने शाईने फुटलेली. शिवाय गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तिचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आईचे. पासपोर्टवर नवऱ्याचे आडनाव. ही एकच व्यक्ती आहे हे पटवायला वेगळे प्रतिज्ञापत्र. वर शपथबद्ध अनुवादकाकडून सगळ्याचे जर्मन भाषांतर. ते गृहस्थ दर वेळी अर्धा दिवस रजा टाकून यायचे. मुलगी इथे असताना हीच कामे तिने स्वतः भराभर उरकली असती.

आपल्या मुंबईचे आणि श्टुटगार्टचे भगिनी-शहराचे नाते १९६८ पासूनचे. श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सही आहेत आणि जाणाऱ्यांना जर्मन शिकवण्याची जबाबदारी सरकारने उचलली. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच कॉलेजमधली, त्याच वर्गातली मुलगी बायको म्हणून त्याच राज्यात निघाली, की ती सरकारच्या हिशेबात कुशल मनुष्यबळ राहत नाही का? तिथे नर्सचा तुटवडा आहे म्हणून तर हा करार झाला. तिचे हात काही वेगळे नाहीत.

माझे मागणे मोठे नाही. पत्नी म्हणून जाणाऱ्या प्रशिक्षित मुलींनाही सरकारी जर्मन वर्गात प्रवेश द्यावा, हवे तर माफक फी घ्यावी. नर्सिंग कॉलेजांनी विषयवार आणि वॉर्डवार तासांचा तक्ता प्रत्येक विद्यार्थिनीला पदवीबरोबरच सही-शिक्क्यानिशी द्यावा. आमच्यासारख्या कार्यालयांनाही ते सोपे जाईल, कारण कोर्स संपतो तेव्हा नोंदी ताज्या असतात आणि शिकवणाऱ्या सिस्टरही जागेवर असतात.

आईवडिलांनाही विनंती आहे. हॉल, दागिने, पाहुणे यांत महिने जातात. त्यातला थोडा वेळ मुलीच्या बी-२ साठी आणि मान्यतेच्या अर्जासाठी ठेवा. हा अर्ज भारतात असतानाही करता येतो. जावई कितीही चांगला असला तरी स्वतःच्या पगाराची सवय असलेल्या मुलीला तिकिटासाठीसुद्धा त्याच्याकडे पैसे मागावे लागतात, तेव्हा काय वाटते, हे या मुली फोनवर मला सांगतात.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई